बाबांच्या दुकानातले फियाटचे जुने पार्ट : ओरिजिनल कुठले, डुप्लिकेट कुठले, विकायचे कसे?

कऱ्हाडकर_७८
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.
बाबांचं कऱ्हाडात गॅरेज होतं, पुढे छोटंसं स्पेअर पार्टचं दुकान आणि मागे कामाची जागा. काम मुख्यतः फियाटचं. मागच्या वर्षी बाबा गेले. दुकान भाड्याचं, या महिनाअखेर गाळा रिकामा करून द्यायचाय. माळ्यावर चढलो तर दोन लोखंडी ट्रंका, नऊ खोकी आणि तीन गोण्या निघाल्या, काही पार्ट अजून मेणकागदात ग्रीस लावून गुंडाळलेले. मला यातलं शष्प कळत नाही, मी स्वतः ऑटोमॅटिक गाडी चालवतो आणि पंक्चर झालं तरी फोन करतो.
भंगारवाला येऊन बघून गेला, सरसकट किलोवर घेतो म्हणाला, लोखंड वेगळं, पितळ वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं. आई म्हणते देऊन टाक. पण माझा हात होत नाहीये.
बाबांनी प्रत्येक खोक्यावर निळ्या शाईने लिहिलंय, डि, प्रे, पद्, डु असं. डि म्हणजे डिलाइट आणि पद् म्हणजे पद्मिनी, ही फियाटची मॉडेलं, एवढं कळलं. डु म्हणजे डुप्लिकेट असणार, तो माल आधी मोकळा करतोय, त्यातली एक गोणी परवा दिलीसुद्धा. बाकीच्यातलं ओरिजिनल कसं ओळखायचं आणि कुठे विकायचं ते सांगा प्लीज.

आगाऊ_कार्टं
फोटो टाका की राव. फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

पिस्टनराव
कऱ्हाडकर, आधी एक करा. काहीही घासू नका, पॉलिश मारू नका, रॉकेलच्या डब्यात तर अजिबात बुडवू नका. पुडा, लेबल, मेणकागद, सुतळी सगळं आहे तसं राहू द्या. घेणाऱ्याला पार्टाइतकाच तो पुडा हवा असतो.

आता ओळखायचं कसं. माझी सवय अशी की आधी हात आणि मग डोळे. कंपनीच्या मालाला वजन असतं. बंपर घ्या, कंपनीचा पत्रा जाड, अंगठ्याने दाबून दबत नाही, आणि मागची बाजू काळपट खरबरीत असते कारण तिकडे कोणी क्रोमवर पैसे घालवले नाहीत. लोकल बंपर पुढून आरशासारखा चमकतो आणि बोट दाबलं की डबडब वाजतो.

ओतीव पार्ट असेल, म्हणजे पंपाची बॉडी, मॅनिफोल्ड वगैरे, तर अक्षरं बघा. साच्यातूनच आलेली अक्षरं वर उठलेली असतात आणि त्यांच्या कडा जरा गोलसर असतात. कोरून किंवा पंच मारून आत गेलेली अक्षरं खरी असूही शकतात, पण ती कोणीही दुकानात बसून मारू शकतो, तेव्हा तेवढ्यावर जाऊ नका.

अक्षरं काय आहेत त्यावरूनही बरंच कळतं. कुर्ल्याला प्रीमिअरच्या (इथे फियाट बनवणारी कंपनी) कारखान्यात फियाट अकराशे, म्हणजे ११००, सुरू झाली १९५४ ला, १९६४ पासून डिलाइट, मग फियाटचं नाव जाऊन ती प्रेसिडेंट झाली १९७२-७३ च्या सुमाराला आणि १९७४ पासून पद्मिनी. त्यामुळे उठावात फियाट असं असेल तर माल एक तर जुना किंवा इटलीचा. तुमच्या बाबांचं प्रे म्हणजे प्रेसिडेंट, ते खोकं जपा, ती गाडी फार थोडी वर्षं निघाली, तिची नावाची पट्टी आणि बिल्ले शोधत लोक वेडे होतात.

इंजिनाचे बेअरिंग असतील तर उलटे करून पाठ बघा. ०.२५४ किंवा ०.५०८ असा विचित्र आकडा दिसला तर घाबरू नका, ते मिलीमीटर आहेत. क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, ग्राइंड केल्यावर जो जाड बेअरिंग लागतो त्याची ती साइज, ०.२५४ म्हणजे बरोबर इंचाचा शंभरावा भाग. विकताना हा आकडा लिहिलाच पाहिजे, नुसतं फियाट बेअरिंग सेट लिहून कोणी घेत नाही.

स्टार्टर, डायनॅमो, डिस्ट्रीब्यूटर यांच्या बॉडीवर लुकास-टीव्हीएसचा नंबर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा त्याच्या जवळपास बारीक आकड्यात तारीखही असते. टॉर्च तिरका धरून बघा, सरळ धरला तर दिसत नाही.

मेघना_डोंबिवली
पिस्टनराव म्हणतात ते सगळं बरोबर, माझ्याकडून थोडी भर. माझे पप्पा २७ वर्षं काळीपिवळी चालवत होते, त्यामुळे माझं लहानपण पद्मिनीच्या बॉनेटखाली गेलं म्हटलं तरी चालेल. टॅक्सीतून निघालेला पार्ट ओरिजिनल असला तरी थकलेला असतो हे विसरू नका. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला रजिस्टर झाली आणि वीस वर्षांचा नियम म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. पण कुर्ल्याच्या भंगार बाजारात माल येऊन पडला तो त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा सीएसटी रोडला दरवाजे, डिक्या, सीट असे ढीगच्या ढीग बघितलेत मी. तो माल आज ओरिजिनल पद्मिनी म्हणून फिरतोय. खोटं नाही बोलत कोणी, पण त्या गिअर लिव्हरने किती लाख वेळा गिअर बदललेत ते कोण सांगणार.
म्हणून तुमच्याकडचा न वापरलेला माल वेगळा ठेवा आणि काढलेला माल वेगळा. ओळखायला सोपं आहे, बोल्टाच्या भोकाभोवती वॉशरची गोल खूण उमटली असेल तर पार्ट कधीतरी बसवलेला आहे.

आगाऊ_कार्टं
वॉशरची खूण!! हे भारी आहे. ताई तुम्ही सीआयडीत जायला हवं होतं.

हिशेबी
सगळे भावनिक होताहेत म्हणून जरा व्यवहाराचं बोलतो. धागाकर्त्याकडे किती दिवस आहेत? महिनाअखेर म्हणजे जेमतेम तीन आठवडे. एकेक बेअरिंग फोटो काढून विकत बसला तर गाळामालक कुलूप लावेल. माझ्या मते सगळा लॉट एका माणसाला द्या, दोन पैसे कमी आले तरी चालतील.

पिस्टनराव
हिशेबी, दोन पैसे नाही, दहातले आठ पैसे कमी येतील. लॉट घेणारा नेमका काय करतो ते सांगतो. ट्रंकेतल्या चार वस्तूंवर त्याचा डोळा असतो, त्या चार वस्तूंविषयी तो चकार शब्द काढत नाही, उलट ज्याला काही किंमत नाही अशा गॅसकेटच्या पुडक्याचं तोंडभर कौतुक करतो. मी स्वतः असे लॉट घेतलेत, म्हणून माहितीये :)
मधला रस्ता आहे. नट-बोल्ट, गॅसकेट, क्लच प्लेटा, पद्मिनीचा चालू माल हे सगळं एखाद्या जुन्या मेकॅनिकला एकगठ्ठा द्या. नावाचे बिल्ले, दिव्यांच्या काचा, मीटर, व्हील कॅप, ग्रिल, दरवाज्याचे हँडल हे घरी न्या, एका पलंगाखाली मावेल एवढंच असतं ते. आणि सावकाश विका.

शनिवारपेठी
मला मशिनरीतलं काही कळत नाही, पण सकाळपासून एक गोष्ट डोक्यात टोचतेय म्हणून लिहिते. आमच्या काकांकडे पुण्यात पन्नासच्या दशकातली अकराशे होती. पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागरी मधल्या खांबाला आणि हँडल पुढे, लुगडं सावरत उतरायला बायकांना फार सोयीचं पडायचं ते. त्या गाडीला घरीदारी सगळे डुक्करच म्हणायचे. डुक्कर फियाट. काका गॅरेजवाल्याला चिठ्ठी पाठवायचे त्यातही 'डु. गाडीचे काम झाले का' असंच लिहायचे.
तर कऱ्हाडकर, तुमच्या वडिलांचा डु डुप्लिकेटचा कशावरून?

पिस्टनराव
अरे देवा.
ताई, दंडवत. माझ्या कसं लक्षात आलं नाही. कऱ्हाडकर, आहात का? त्या डु खोक्यातलं काहीही एक उचला आणि त्यावर काय लिहिलंय ते लगेच इथे टाका. आणि भंगारवाल्याला फोन करा, आत्ता.

आगाऊ_कार्टं
*पॉपकॉर्न घेऊन बसलोय*

कऱ्हाडकर_७८
आत्ता गाळ्यातच आहे, मोबाइलच्या उजेडात टाइप करतोय. डु खोक्यात सगळ्यात वर एक काळी बेकलाइटची टोपी आहे, वाटीएवढी, तिला पाच तोंडं. आतल्या बाजूला बारीक उठावात मारेल्ली असं आहे आणि त्याच्याखाली मेड इन इटली. त्याच्याखाली एका मेणकागदाच्या पुडीवर बाबांच्या अक्षरात 'डु. मा. उ.', आत लाल काचेचा दिवा. दोन दरवाज्याचे हँडल आहेत. एक मीटर आहे, काच तडकलेली, काटा मात्र सरळ शून्यावर.
भंगारवाला फोन उचलत नाहीये.

पिस्टनराव
पाच तोंडं म्हणजे डिस्ट्रीब्यूटरची (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) कॅप, चार प्लगच्या आणि एक कॉइलची. मारेल्ली ही इटलीची इलेक्ट्रिकल पार्ट बनवणारी कंपनी. पहिल्या गाड्या इटलीहून सुटे भाग आणून कुर्ल्यात जोडल्या जायच्या, तेव्हाचा माल आहे हा. डुप्लिकेटवाला बेकलाइटच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे, साच्यात नाव उमटवत बसत नाही. डु. मा. उ. म्हणजे डुक्कर, मागचा, उजवा. हे खोकं तुमच्या माळ्यावरचं सोनं आहे आणि तुम्ही ते काट्यावर घालायला निघाला होतात.
हँडल विकत असाल तर डावं-उजवं तपासल्याशिवाय लिहू नका. ताईंनी सांगितलं तसे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, त्यामुळे पुढचं हँडल चुकीच्या बाजूचं वाटतं. डिलाइटपासून दरवाजे सरळ झाले. दरवाजा, हँडल, बिजागरी यातलं काही डिलाइटला लागणार नाही, इंजिनाचं मात्र बरंचसं लागेल कारण पेट्रोल इंजिन आपल्याकडे शेवटपर्यंत १०८९ सीसीच राहिलं.

मेघना_डोंबिवली
गोणीचं काय झालं??

कऱ्हाडकर_७८
सकाळी सात वाजता त्याच्या गोदामाच्या दारात जाऊन उभा राहिलो. माणूस चांगला निघाला. गोणी अजून बांधलेलीच होती, पण रेडिएटर वेगळा काढून त्याने आदल्या दिवशीच पितळाच्या मालात पुढे पाठवला होता. बाकी सगळं परत मिळालं, दिले होते तेवढेच पैसे घेतले त्याने, वर चहा पाजला आणि म्हणाला, तुमच्या वडिलांनी माझ्या बापाची टेम्पो उधारीवर नीट करून दिली होती. मला काय बोलावं सुचेना.

शनिवारपेठी
चला, एक रेडिएटरवर निभावलं.

तोरिनोचा_पाहुणा
नमस्कार, मी मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे आठ वर्षं इटलीत तोरिनोला, म्हणजे फियाटच्या गावातच. धागा वाचून राहवलं नाही. कऱ्हाडकर, तुमच्या डु मालाला इकडेही गिऱ्हाईक मिळेल. इथे त्या गाडीला मिलेचेंतो, म्हणजे अकराशेच, म्हणतात आणि जुन्या गाड्यांची मोठमोठी प्रदर्शनं भरतात. पादोव्याला भरायचं ते सगळ्यात मोठं आता २०२३ पासून बोलोन्याला गेलं. तिथे हॉलच्या हॉल नुसत्या पार्टच्या टेबलांचे असतात, आपल्या जुन्या बाजारासारखेच, फक्त कॉफी चांगली मिळते.
पण उलट दिशेची एक गोष्ट सांगतो, कारण मी हात पोळून घेतलेत. गावाकडच्या एका मित्राच्या डिलाइटसाठी मी इथून पिस्टन सेट पाठवला. बॉक्सवर स्वच्छ लिहिलेलं फियाट ११०० डी, कंपनीचा, न वापरलेला. तिकडे मेकॅनिकने ब्लॉकवर धरला तर आत जाईचना. कारण इटलीतली ११०० डी होती १२२१ सीसी, तिचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ७२ मिलीमीटर. भारतातली डिलाइट नावाने तीच पण इंजिन जुनंच १०८९, बोअर ६८. चार मिलीमीटर म्हणजे काय चेष्टा आहे का. माल शंभर टक्के ओरिजिनल आणि शंभर टक्के निरुपयोगी. आता तो सेट मित्राच्या शोकेसमध्ये आहे, एका पिस्टनमध्ये पेनं ठेवलीत.

पिस्टनराव
हा किस्सा सोनेरी अक्षरात लिहून प्रत्येक फियाटवाल्याच्या गॅरेजमध्ये लावला पाहिजे. कऱ्हाडकर, याच्यावरून धडा असा घ्या की गाडीचं नाव लिहून विकू नका, माप लिहून विका. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर निदान शाळेची स्टीलची पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. एक पुढून, एक मागून, एक अक्षरांचा जवळून. मागचा फोटो जो देत नाही त्याच्याकडून मी घेत नाही.

नवा_गडी
मी सध्या ७८ ची पद्मिनी करतोय, माझाही एक अनुभव. ऑनलाइन एकाकडून ओरिजिनल सोलेक्स कार्बोरेटर म्हणून घेतला, फोटोत चकाचक, हातात आला तर वरून चंदेरी स्प्रे मारलेला, थ्रॉटलचा दांडा धरून हलवला तर हलत्या दातासारखा हलतोय, जेट (पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू) काढून बघितलं तर त्यावरचा नंबर एक सांगतो आणि भोक भलतंच मोठं, कोणीतरी ड्रिल फिरवलेलं. गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद आणि पेट्रोल पितेय ट्रकसारखी, बायको म्हणते ही गाडी नाही व्यसन आहे. पैसे परत मागितले तर ओरिजिनलच आहे की, म्हणाला. आता यात तो चुकला कुठे सांगा, ओरिजिनल होताच तो :(

मेघना_डोंबिवली
जेटला ड्रिल मारणं हा टॅक्सीवाल्यांचा जुना उद्योग, पप्पांनीही केलाय. कबूल करते.
कार्बोरेटर घेताना बाकी काही नाही तरी दांडा हलवून बघायचाच. दांडा सैल असला की तिथून हवा ओढतो, मग कितीही ट्यूनिंग करा, आयडलिंग बसत नाही.

हिशेबी
रबरी मालाचं काय? न वापरलेला म्हणून त्याचीही किंमत लावायची का?

पिस्टनराव
चांगला प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे, जुन्या स्टॉकचं रबर म्हणजे शोभेचं. ब्रेकच्या सिलिंडरचे रबरी कप, होज पाइप, वॉटर पंपाचं सील, कितीही सीलबंद असलं तरी चाळीस वर्षांत ते आतून मेलेलं असतं. दरवाज्याचं बीडिंग, पेडलची रबरं देऊन टाका, त्याने कोणाचा जीव जात नाही. ब्रेकचं मात्र विकू नका, फुकटही देऊ नका, कापून टाका. कंडेन्सरही तसाच, बघायला नवा पण गाडी चालेल न चालेल. पॉइंट सेट मात्र बिनधास्त, फक्त तोंडं साफ करायची.

कऱ्हाडकर_७८
एक विचारायचं होतं. इनबॉक्समध्ये एकाचा निरोप आलाय. त्याला पार्टांत रस नाही. गॅरेजच्या मागे बाबांची स्वतःची डिलाइट सांगाडा होऊन पडलीये, मी तिचा फोटो वर टाकला होता. त्याला फक्त तिचं आरसी बुक हवंय आणि चेसी नंबर जिथे ठोकलाय तेवढा पत्र्याचा तुकडा कापून. पैसे म्हणाल तर बाकीच्या सगळ्या मालाच्या वर देतोय. हे काय प्रकरण आहे?

पिस्टनराव
हे प्रकरण असं आहे की तो दुसरी कुठलीतरी गाडी तुमच्या बाबांच्या नावावर जिवंत करणार. या गाडीला वेगळी चेसी नसते, बॉडी हीच चेसी, त्यामुळे नंबरचा तुकडा कापून दुसऱ्या बॉडीला वेल्ड केला की झाली नवी जुनी गाडी. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना केंद्राने व्हिंटेज म्हणून नंबरप्लेटची वेगळी व्हीए मालिका दिली, नव्या नोंदणीला वीस हजार फी आणि दहा वर्षं मुदत, तेव्हापासून जुन्या कागदांना भाव चढलाय. पण त्या नियमातच लिहिलंय की गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. उद्या काही झालं तर पोलीस ज्याच्या नावावर गाडी त्याच्या दारात येतात.
सरळ नाही म्हणा. सांगाडा मोडायचाच असेल तर आरटीओत रीतसर नोंद रद्द करा, नंबरच्या तुकड्याचं काय करायचं तेही तिथेच विचारा. इंजिन ब्लॉक सुटा विकलात तरी नंबर लिहून पावती करा, घेणाऱ्याला आरसीवर इंजिन बदल दाखवायला ती लागते.

हिशेबी
इथे मात्र मी पूर्ण सहमत. त्या पैशाला हात लावू नका.

कऱ्हाडकर_७८
ब्लॉक केला त्याला.

आगाऊ_कार्टं
धागा नुसता वाचून माझ्या अंगाला ग्रीसचा वास यायला लागलाय.

कऱ्हाडकर_७८
अपडेट द्यायला उशीर झाला, माफी. गाळा वेळेत रिकामा केला.
पद् आणि चालू माल साताऱ्याच्या एका मेकॅनिक काकांनी एकगठ्ठा घेतला. त्यांनी बाबांना ओळखलं, भाव अजिबात घासला नाही, उलट एका पुड्यातले बेअरिंग उलटे करून ०.५०८ वाचलं आणि म्हणाले हे तुम्ही यात चुकून टाकलेत, हे वेगळे विका, मला एक गिऱ्हाईक माहितीये. प्रे खोक्यात नावाच्या दोन पट्ट्या होत्या, एक नवा_गडी यांच्या मित्राने नेली, दुसरी ठेवलीये. डि मधले दोन व्हील कॅप पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी घेऊन गेलो होतो, तिथे एकाने वजन करून बघितलं, दुसऱ्याने मागची बाजू बघितली. दुसऱ्याला दिले.
मारेल्लीची कॅप आणि लाल दिवा तोरिनोचा_पाहुणा सुट्टीला येतील तेव्हा घेऊन जाणार आहेत, काच म्हणून कुरिअरला द्यायचा धीर होईना. तडकलेल्या काचेचा मीटर विकायचा नाही असं आईने सांगितलंय. तो टीव्हीशेजारी आहे.
सांगाडा अजून तिथेच, गाळामालकाने दिवाळीपर्यंत सवलत दिलीये.

शनिवारपेठी
छान झालं. काकांना फोन करून सगळा धागा वाचून दाखवला. ९१ वर्षांचे आहेत. त्यांचा निरोप, रेडिएटर गेला ते वाईट झालं.

डुक्करप्रेमी
धागा उशिरा दिसला. माझ्याकडे १९५६ ची आहे, मागचा डावा दिवा फुटलेला, सात वर्षं शोधतोय. तुमच्याकडचा डावा आहे ना?

कऱ्हाडकर_७८
नाही हो, उजवा. पुडीवर डु. मा. उ. आहे, बाबांनी उ च्या खाली दोनदा रेघ मारलीये. पण एक गोणी अजून पूर्ण उपसलेली नाही, रविवारी बघून सांगतो.